प्रवचनाआधी पगार

तुरुंगातून सुटलेल्या माणसाला कामावर ठेवलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "अन् यानं पुन्हा काही केलं तं?" यवतमाळात माझा फॅब्रिकेशनचा धंदा आहे. खिडक्यांच्या ग्रील, चॅनल गेट, शेडचे कैचे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची दुरुस्ती, असं काम. हा प्रश्न मला गिऱ्हाईक विचारतात, शेजारचे दुकानदार विचारतात आणि रविवारी उपासनेनंतर चर्चच्या आवारातही विचारला जातो. विचारणाऱ्यांवर माझा राग नाही. ग्रील बसवायला माणूस थेट बेडरूममध्ये जातो; काळजी वाटणारच. पण त्याला कोणीच काम दिलं नाही तर तो काय करील, हेही याच लोकांनी एकदा स्वतःला विचारावं.

मी ख्रिस्ती आहे आणि हा धंदा मी प्रभूची सेवा म्हणून करतो. हे वाक्य आमच्याच लोकांना पटवताना जास्त वेळ जातो. या जिल्ह्यात मिशननं उमरीचा दवाखाना उभा केला. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ पासून १९८३ पर्यंत इथेच होती, मग पुण्याला गेली. आमच्या घरांतून परिचारिका झाल्या, शिक्षक झाले, पाळक झाले. ती सेवा. दुकान टाकणारा मात्र पैशाच्या मागे लागलेला. वास्तविक संत पौल करिंथमध्ये अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू शिवत होता, आणि त्यावर पोट भरून उपदेश करत होता. त्याचं फिलेमोनाला लिहिलेलं छोटं पत्र तर मी माझ्या धंद्याचा करारनामा मानतो. पळून गेलेल्या अनेसिम नावाच्या दासाला परत घ्या, त्यानं काही नुकसान केलं असेल तर ते माझ्या खात्यावर मांडा, असं पौल त्यात लिहून देतो, तेही स्वतःच्या हातानं.

म्हणून माझ्या बिलावर छापलेलं आहे की कामाच्या ठिकाणी आमच्या माणसाकडून काही गेलं तर भरपाई मालक देईल. कोण कुठून आला हे मी गिऱ्हाइकाला सांगत नाही. तो त्याचा भूतकाळ आहे, माझ्या जाहिरातीचा माल नव्हे. जबाबदारी सगळ्यांची सारखीच घेतो, जुन्या कारागिराचीही आणि नव्याचीही.

माझ्याकडचा एक जण शेतकरी आहे. बांधावरून भावकीत भांडण झालं, हाणामारी झाली, तो आत गेला. जामीन मंजूर झाला तरी जामीनदार मिळेना म्हणून आणखी काही महिने तसाच बसून राहिला. बाहेर आला तेव्हा बँकेचं खातं बंद पडलेलं, आधारला जोडलेला मोबाइल नंबर केव्हाच दुसऱ्याच्या नावावर गेलेला. अशा माणसाला महिन्याच्या सात तारखेला पगार देतो म्हणणं म्हणजे त्याला पुन्हा सावकाराकडे पाठवणं. माझ्याकडे पहिले काही महिने दर शनिवारी रोख पगार, व्हाउचरवर सही. उचल देतो, पण थोडी; उचलीच्या ओझ्याखाली माणूस बांधून ठेवायची रीत आपल्या भागात नवी नाही आणि ती मला करायची नाही. दुसरं म्हणजे, खटला चालूच असतो. दर तारखेला कोर्टात उभं राहावं लागतं. बहुतेक ठिकाणी दोन-तीन तारखा झाल्या की मालक म्हणतो, उद्यापासून येऊ नको. मी तारखेचा खाडा कापत नाही. त्याचा खर्च मालाच्या भावात धरतो, जसा वेल्डिंग रॉडचा धरतो.

आपण ज्यांना कैदी म्हणतो त्यांतले बहुतेक असेच, निकाल न लागलेले. २०२२ अखेर देशाच्या तुरुंगांत पाच लाख त्र्याहत्तर हजारांवर माणसं होती आणि त्यांतले सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. कायद्यानं त्यांना अजून दोषी म्हटलेलं नाही. आपण गल्लीत मात्र म्हणून मोकळे होतो.

दुसरा एक मुलगा फासेपारध्यांच्या बेड्यावरचा, म्हणजे वस्तीवरचा. त्याच्याविषयी जरा सविस्तर लिहितो. आसपास कुठे घरफोडी झाली की त्याला उचलायचं, ही लहानपणापासूनची सवय. पोलिसांची आणि त्याचीही. कामावर लागल्यावर एकदा असंच झालं. साध्या वेशातले दोघे शेडमध्ये आले आणि तो हातातला ग्राइंडर बंद करून, न विचारताच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी हजेरीचं मस्टर काढून समोर ठेवलं. घरफोडी झाली त्या दिवशी सकाळी नऊ ते रात्री आठ, ट्रॉलीचं अर्जंट काम, ओव्हरटाइमची त्याची सही. ते दोघं पान बघून निघून गेले. त्यानंतर तो रोज सही करताना शाई नीट उठली की नाही ते बघतो. इतकी वर्षं मी चर्चमध्ये साक्ष ऐकत आलो आहे, पण मस्टरवरच्या सहीनं माणसाला वाचवलेलं तेव्हा पाहिलं.

अख्ख्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा, १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण संशय शिल्लक राहिला. तुरुंगांच्या नियमावल्यांतही तो होता. जातीवरून कामं वाटणाऱ्या आणि विमुक्त जमातींकडे सराईत गुन्हेगार म्हणून बघणाऱ्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयानं रद्द ठरवल्या त्या थेट ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर.

या इतिहासात आम्हा ख्रिस्ती लोकांचाही हात आहे आणि तो लपवून सेवा करता येणार नाही. या जमातींना ठेवण्यासाठी सोलापूरला तारेच्या कुंपणात केलेल्या सेटलमेंटची व्यवस्था अमेरिकन मराठी मिशनकडे होती. आंध्रातली स्टुअर्टपुरमची तशीच वसाहत साल्व्हेशन आर्मीनं चालवली. तिथे शाळा होत्या, काम होतं, कळकळीची माणसंही असतील. पण हजेरी होती ती पळून जाऊ नये म्हणून, आणि काम व प्रार्थना एकाच फाटकाच्या आत होती. त्यामुळे माझ्या शेडमध्ये एक नियम पक्का आहे: पगाराला धर्माची अट नाही. सकाळी शटर उघडण्याआधी मी प्रार्थना करतो. ज्याला यायचं तो येतो, न येणाऱ्याचा चहा थांबत नाही. बेड्यावरचा मुलगा त्याच्या देवीला जातो, तेव्हा त्याला सुट्टी असते. "हे धर्मांतराचं दुकान आहे का," असं विचारणाऱ्यांनी येऊन मस्टर बघावं. नावं सगळी जुनीच आहेत.

सगळेच टिकतात असं मी म्हणणार नाही. एक जण कटिंग मशीन घेऊन गेला तो परतला नाही. एकाची दारू सुटली नाही. पण तुरुंग न पाहिलेल्या कारागिरांतही असे निघाले आहेत. त्यांच्यामुळे कोणी सगळ्या वेल्डरांवर शंका घेतली नाही.

आणि दया म्हणून माझ्याकडून ग्रील घेऊ नका. टाका पक्का आहे का, गज मापात आहे का, ते बघून घ्या. धंदा तोट्यात गेला तर आधी यांचाच पगार बुडेल. लॉस एंजेलिसमध्ये ग्रेगरी बॉयल नावाच्या जेझुइट धर्मगुरूनं १९८८ मध्ये टोळीतल्या मुलांसाठी काम सुरू केलं आणि १९९२ मध्ये बेकरी काढली. एकमेकांच्या जिवावर उठलेली पोरं तिथे एका भट्टीवर राबली. पण गिऱ्हाइकासाठी तिथेही पाव चांगला भाजला जायलाच हवा होता. आपल्याकडे राज्य सहकारी बँकेनं १ मे २०२२ पासून येरवड्यात कैद्यांना 'जिव्हाळा' योजनेतून ७ टक्के व्याजानं ५० हजारांपर्यंत कर्ज द्यायला सुरुवात केली. बँक आतल्या माणसावर भरवसा ठेवू शकते, तर बाहेर आलेल्यावर आपण का नाही?

नाताळात आपल्या चर्चच्या मंडळ्या कारागृहात केक, फळं घेऊन जातात, गीतं गातात. जावंच. पण येताना एवढं विचारून या, की येत्या महिन्यात कोण सुटतंय आणि त्याला कोणतं काम येतं. जिल्हा परिवीक्षा अधिकाऱ्यांना भेटा. अमरावतीची वऱ्हाड संस्था कैद्यांच्या कुटुंबांसाठी काम करते, तिच्याशी बोला. दशांशातला काही भाग जामिनासाठी आणि पहिल्या महिन्याच्या खोलीभाड्यासाठी बाजूला ठेवा. आणि लोहारा एमआयडीसीतल्या, दारव्हा रोडवरच्या मालकांनो, मग तुम्ही कोणत्याही धर्माचे असा: तुमच्या मस्टरवर एक ओळ रिकामी ठेवा. एक जागा, शनिवारचा पगार आणि तारखेची सुट्टी, एवढंच मागतो आहे.