सोफा नवा, उंबरा तोच

बोटीवरच्या ‘नूतनीकरण केलेल्या स्वीट’ची जाहिरात समोर आली की मी पलंगाकडे बघत नाही, सोफ्याकडेही नाही. ते छानच असणार. मी फोटोत बाथरूमचं दार शोधतो आणि दाराची खालची बाजू दिसते का ते बघतो. बहुतेक फोटोंत ती कापलेली असते.

मी सावंतवाडीचा. एकवीस वर्षं बोटीवर हाउसकीपिंगमध्ये काढली. केबिन स्टुअर्ड म्हणून चढलो, फ्लोअर सुपरवायझर म्हणून उतरलो. आमच्याकडे सिंधुदुर्गात आणि पलीकडे गोव्यात बोटीवर माणूस नाही अशी वाडी सापडणं कठीण. गोव्यात तर त्यांना तारवटी असं खास नावच आहे. आता घरी आल्यावर उलटी गंमत झाली आहे. ज्या खोल्या मी आवरत होतो त्यांचं बुकिंग करण्याआधी माझ्याच ओळखीचे लोक मला विचारायला येतात. कुणाच्या वडिलांची पंच्याहत्तरी असते, कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झालेली असतात. साठवलेले पैसे असतात. त्यामुळे मला जे माहीत आहे ते नीट सांगणं मी माझं कर्तव्य समजतो.

आधी नूतनीकरण होतं कसं ते. प्रवासी जहाजाला पाच वर्षांत एकदा-दोनदा ड्राय डॉकमध्ये, म्हणजे कोरड्या गोदीत, जावंच लागतं. तळ तपासायचा, चिकटलेली कालवं खरवडायची, रंग द्यायचा, प्रोपेलर बघायचे. हे सक्तीचं. मग कंपनी म्हणते, जहाज तसंही रिकामं उभं आहे, खोल्याही करून घेऊ. म्हणजे तुमच्या स्वीटला किती दिवस मिळणार हे बऱ्याचदा तळाच्या कामावर ठरतं. २०१६ साली क्वीन मेरी २ ही बोट हॅम्बुर्गच्या ब्लोम अँड फॉस गोदीत २५ दिवस होती. तेवढ्या दिवसांत तिच्यावरचे स्वीट नवे झाले, एकट्या प्रवाशांसाठी १५ खोल्या आणि बाल्कनीच्या ३० खोल्या नव्याने बसवल्या, प्रवाशांसोबत येणाऱ्या कुत्र्यांची सोयसुद्धा वाढवली. अर्थात असं काम गोदीत शिरल्यावर आखत नाहीत. त्याची तयारी कितीतरी आधीपासून चालू असते.

मी स्वतः चार ड्राय डॉक पाहिली. एसी बंद, संडास बंद, अंघोळीला खाली धक्क्यावर उतरायचं. कॉरिडॉरभर हार्डबोर्ड अंथरलेला. जिथे वेल्डिंग चालू तिथे आम्ही हाउसकीपिंगची पोरं फायर वॉचला उभी, हातात एक्स्टिंग्विशर, बारा-बारा तास. बाकीच्या वेळात जुन्या गाद्या खांद्यावरून खाली, नव्या गाद्या वर. शेवटचे दोन-तीन दिवस कुणी धड झोपत नाही. आणि बोट सुटली म्हणून काम संपत नाही. कामगारांची एक टोळी, जिला रायडिंग स्क्वॉड म्हणतात, ती बोटीबरोबरच निघते आणि उरलेलं काम वाटेत पुरं करते. त्यामुळे डॉकमधून बाहेर पडल्यावरच्या अगदी पहिल्या सफरीचा स्वीट स्वस्तात मिळत असला तरी मी कुणाला घ्या म्हणत नाही. गोंदाचा वास असतो, नळाला आधी तांबूस पाणी येतं, कपाटाचं दार बसत नाही. महिना-दीड महिना जाऊ द्यावा.

आता खोलीत काय मिळतं? गादी नवी मिळते, आणि माझ्या मते पैशाचं पहिलं मोल तिथे आहे. गालिचा, पडदे, सोफ्याचं कापड, दिवे बदलतात. उशाजवळ प्लग आणि यूएसबी येतं. जुन्या बोटींवर आरशाजवळ एखाद-दुसरा प्लग असायचा आणि घरातली चारही माणसं त्याच्याभोवती जमायची. टीव्ही भिंतीवर जातो, म्हणून टेबल मोकळं होतं. पुष्कळ ठिकाणी टब काढून शॉवर करतात. वयस्कर माणसांसाठी हे फार चांगलं झालं. टबात पाय टाकताना घाबरणारी माणसं मी रोज बघत होतो.

भिंतीवर लाकूड दिसलं तर ते लाकूड समजू नका. मी लाकडाच्या गावचा आहे, चितारआळीत लाकडी फळं आणि खेळणी करणाऱ्या हातांशेजारी वाढलो, मला टिचकी मारली की कळतं. बोटीवरची केबिनची भिंत म्हणजे दोन पत्र्यांमध्ये दगडी लोकर भरलेलं पॅनेल. वर लाकडाचा पातळ पापुद्रा किंवा नुसती छापील फिल्म. यात फसवणूक नाही. समुद्रावर आगीसारखं संकट नाही, आणि खोलीत जळण्यासारखं किती असावं याचे आंतरराष्ट्रीय नियम फार कडक आहेत. पडद्याच्या कापडालाही परीक्षा द्यावी लागते. त्या भिंतीला लोहचुंबकाचे हुक मात्र झकास चिकटतात. चार हुक बॅगेत टाकून न्या, ओले टॉवेल लटकवायला होतात.

जे बदलत नाही ते मात्र जाहिरातीत येत नाही. खोलीची जागा बदलत नाही. तुमच्या डोक्यावर पोहण्याच्या तलावाचा डेक असेल तर पहाटे पाच-साडेपाचला खुर्च्या ओढण्याचा आवाज नव्या छतातूनही येणार. अगदी मागच्या टोकाच्या स्वीटमधून समुद्र डोळे भरून दिसतो, पण प्रोपेलरची थरथर पाण्याच्या ग्लासातही दिसते. छताची उंची वाढत नाही, कारण वर एसीचे डक्ट आणि केबल. बाल्कनी वाढत नाही, कारण ती जहाजाच्या पोलादाचाच भाग. आणि पाइप. संडास व्हॅक्यूमवर चालतो, एकाच लाइनवर बऱ्याच खोल्या असतात. तुमच्या खोलीतलं भांडं नवं असलं तरी चार खोल्या पलीकडे कुणी आपल्या भांड्यात बाळाचा वाइप टाकला की तुमचंही बंद.

म्हणून मी आधी जहाजाचं जन्मसाल विचारायला सांगतो. मुंबईहून ज्या एम्प्रेसवर आपली हजारो माणसं गोवा-लक्षद्वीपला जाऊन आली, ती १९९० साली फ्रान्समध्ये सेंट-नझेरला बांधलेली. तेव्हा ती नॉर्डिक एम्प्रेस होती, २००४ मध्ये एम्प्रेस ऑफ द सीज झाली, मधे काही वर्षं एका स्पॅनिश कंपनीकडे गेली, मूळ कंपनीकडे परत आली, आणि २०२१ पासून मुंबईहून जाऊ लागली. तीस वर्षांपलीकडचं जहाज म्हणजे वाईट जहाज असं मुळीच नाही. निगा राखली तर जहाज टिकतं. पण १९९० मध्ये बाल्कनी ही चैन होती, खोलीखोलीला ती देण्याची रीत नंतर आली. अशा जहाजावर बाल्कनी मोजक्याच खोल्यांना असते, मग तिथे कितीही वेळा नवे पडदे लावा. हे माहीत असेल तर माणूस निराश होत नाही.

आता त्या बाथरूमच्या दाराकडे येतो.

बोटीवरचं बाथरूम बहुतेकदा कारखान्यात तयार होतं. पूर्ण डबा: भिंती, बेसिन, शॉवर, खाली पोलादी तबक. जहाज बांधताना तो डबा आख्खा आत ढकलतात आणि मग पुढच्या भिंती बंद होतात. बोट डोलते तेव्हा आतलं पाणी गालिच्यावर येऊ नये म्हणून दारात उंबरा असतो. जुन्या बोटींवर तो चांगला पाच-सहा इंचांचा असतो. हा डबा पुढे दारातून बाहेर निघत नाही. काढायचाच तर आत तोडून तुकड्या-तुकड्याने न्यावा लागतो आणि नवा जागेवर जोडावा लागतो. होत नाही असं नाही, चांगल्या कंपन्या करतातही, पण वेळ आणि पैसा दोन्ही खूप जातात. म्हणून बऱ्याचदा डबा तोच ठेवून आत नव्या फरशा, नवं बेसिन, नवा आरसा लावतात.

एका बोटीवर, नाव घेत नाही, आमच्या डेकवरचे स्वीट असेच नवे झाले. पूर्वी त्या उंबऱ्यावर स्टीलची पट्टी होती. रोज ब्रासो मारून मी ती चमकवत असे, रात्री दिवा मालवला तरी ती दिसायची. नव्या आराखड्यात पट्टी काढली आणि उंबऱ्यावर जमिनीचाच करडा विनाइल चढवला. फोटोत फार देखणं दिसत होतं. जमीन आणि उंबरा एक झाले.

तिसऱ्या सफरीला पुण्याच्या एक आजी आल्या, मुलगा आणि सूनबाईंबरोबर. मला मराठी बोलताना ऐकून इतक्या खूश झाल्या की रोज सकाळी लिमलेटची गोळी हातावर ठेवायच्या. चौथ्या रात्री बाथरूमला जायला उठल्या आणि अडखळल्या. उजवं मनगट मोडलं. बोटीवरच्या दवाखान्यात प्लॅस्टर घालून खोलीत आणलं तेव्हा मी चादर बदलत होतो. त्या रागावल्या नाहीत. उंबऱ्याकडे बघून म्हणाल्या, “अरे बाळा, सगळं नवं केलंत, मग हा कुणासाठी ठेवलात?” मुलगा शेजारी मान खाली घालून उभा होता. आईला त्रास नको म्हणून त्याने मुद्दाम ‘नवा’ स्वीट घेतला होता, जास्तीचे पैसे भरून.

त्या दुपारी मी स्टोअरमधून पिवळी, अंधारात चमकणारी टेप आणली आणि माझ्या चौदा खोल्यांच्या उंबऱ्यांना लावली. दोन दिवसांनी वरून हुकूम आला, खोलीची शोभा जाते, काढा. काढली. ती टेप सोलताना माझ्या हातांना जे वाटलं ते अजून गेलेलं नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. स्वीट विकणाऱ्यांनी ‘नूतनीकरण’ या एका शब्दावर थांबू नये. गादी-पडदे बदलले की बाथरूम नवं बसवलं, हे वेगळं लिहावं. जहाजाचं साल, खोलीच्या वर आणि खाली काय आहे, बाथरूमच्या आणि बाल्कनीच्या उंबऱ्याची उंची, एवढं पॅकेजच्या कागदावर छापायला अर्धा परिच्छेद पुरतो. आपल्याकडच्या सहल कंपन्या ज्येष्ठ नागरिकांच्या खास सहली काढतात, प्रवाशांना मधुमेहाचं जेवण लागतं का हे आठवणीने विचारतात. त्याच फॉर्मवर उंबऱ्याची एक ओळ घालायला काहीच हरकत नसावी. व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी राखीव खोल्यांत सपाट दार असतं, पण त्या थोड्या असतात आणि ज्यांना त्यांची खरी गरज त्यांच्या हक्काच्या. बाकीच्यांना निदान इंच किती ते कळू दे.

गेल्या दिवाळीत माझ्या आईला बोट दाखवायची ठरवली. तिने एकवीस वर्षं मला एसटीत बसवून दिलं, पण मी जिथे राहत होतो ती जागा कधी पाहिली नव्हती. आईचं म्हणणं एवढंच होतं: “माका सोफो घेवन काय करूचा आसा? न्हाणीत पडाक नको म्हणजे झाला.” एजंटला फोन केला. तो मुलगा चांगला होता. असं कुणी विचारलं नव्हतं म्हणाला, पण टाळलं नाही. पाच दिवसांनी त्याने बोटीवरच्या कुणाकडून तरी काढवून घेतलेला फोटो पाठवला. उंबऱ्याला उभी धरलेली मोजपट्टी. साडेपाच इंच.

खोली आम्ही घेतली. बॅगेत आईच्या गोळ्यांच्या डबीशेजारी पिवळ्या टेपचं रीळ टाकलं, आणि खोलीत शिरल्यावर सामान खाली ठेवायच्या आधी ती टेप लावली.