पंख्याविना संगणक आणि उद्यमनगर

संगणक म्हटला की त्याच्या पोटात घोंघावणारा पंखा आलाच, ही समजूत आता कालबाह्य झाली आहे. २०२३ च्या आरंभी जाहीर झालेल्या इंटेलच्या एन१०० या प्रोसेसरची निर्मात्याने दिलेली उष्णतामर्यादा अवघी ६ वॅट आहे. एवढी उष्णता बाहेर टाकण्यास पंख्याची गरज नसते. प्रोसेसरवर उष्णतावाहक लेप लावून तो अॅल्युमिनियमच्या जाड पेटीला भिडविला, तर पेटीच्या पात्यांवरून ती उष्णता आपोआप हवेत जाते. फिरणाऱ्या तबकडीऐवजी एसएसडी बसविली की यंत्रात हलणारा एकही भाग उरत नाही; साहजिकच आवाजही उरत नाही.

हे निव्वळ हौशी लोकांचे कौतुक नव्हे. पंखा आत ओढतो ती हवा धुळीसकट. पात्यांवर धूळ साचते, पंखा अडतो, यंत्र तापते आणि मंदावते. आपल्या शाळांतील व लहान कार्यालयांतील संगणकांना हा विकार नवा नाही. विजेचा हिशेबही बोलका आहे. जुना संगणक १०० वॅट आणि हा नवा १५ वॅट घेतो असे धरले, तर रोज आठ तासांप्रमाणे ३०० दिवसांत पहिल्यास २४० युनिटे लागतील, दुसऱ्यास ३६.

मर्यादा अर्थातच आहेत. चित्रपट-संकलनासारखी जड कामे या यंत्राने करू नयेत. उन्हाळ्यात खोलीच तापली की पेटी आणि हवा यांच्या तापमानातील अंतर घटते; म्हणून पेटी मोठी व मोकळ्या जागी हवी. अशा तयार पेट्या महागही असतात. परंतु कोल्हापूरचा संबंध येतो तो नेमका येथेच.

ही पेटी म्हणजे काय? मोटारसायकलच्या इंजिनावरील पात्यांचीच ती धाकटी बहीण. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील ओतकाम व यंत्रकाम करणाऱ्या कारागिरांना तिच्यात अनाकलनीय असे काही नाही. ज्या गावात बाबुराव पेंटर यांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडविला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला, त्या गावाने केवळ तयार माल विकत घेण्यात धन्यता मानावी काय?

शासनाची दृष्टी मात्र मोठ्या कारखान्यांवर खिळलेली दिसते. मे २०२३ मध्ये संगणक-उत्पादनाच्या प्रोत्साहन योजनेसाठी १७,००० कोटी रुपये मंजूर झाले. प्रोत्साहन मिळणार ते ठरावीक गुंतवणूक आणि वाढीव विक्री दाखविणाऱ्यांस. त्याच वर्षी ३ ऑगस्टला लॅपटॉपबरोबर अतिलहान संगणकांच्या आयातीवरही परवान्याचे बंधन जाहीर झाले, दुसऱ्याच दिवशी ते लांबणीवर पडले आणि नोव्हेंबरपासून तेथे आयात-नोंदणीची सौम्य व्यवस्था आली. अशा धरसोडीने मोठा उत्पादक डगमगत नाही. भरडला जातो तो दहा-वीस यंत्रे जुळविणारा लहान उद्योजक.

त्याला अनुदान नको आहे. हवी आहे ती पहिली मागणी. जिल्ह्यातील शाळा आणि ग्रामपंचायती यांच्या खरेदीत ‘पंखाविरहित, दुरुस्तीयोग्य’ ही अट घालावी, आणि आयटीआयमध्ये अशी जुळणी शिकवावी. मदरबोर्ड परदेशातून येईल. त्यात कमीपणा नाही. पण पेटी, जुळणी व दुरुस्ती यांचे मोल गावात राहील. उद्यमनगराच्या भट्ट्यांना नवे काम हवेच आहे. ते दाराशी आले असता दार उघडण्यास विलंब नको.