नाले राज्याचे, जमीन केंद्राची

जुन्या राजेंद्रनगरातील शिकवणी वर्गाच्या तळघरात २७ जुलै २०२४ रोजी पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा बळी गेला, तेव्हा संसदेचे अधिवेशन सुरू होते. दोन्ही सभागृहांत हा विषय निघाला आणि अपेक्षेप्रमाणे दिल्ली सरकार विरुद्ध केंद्र या नेहमीच्या वादात तो वाहून गेला. स्पर्धा परीक्षांसाठी मराठी मुले याच भागात खोल्या घेऊन राहतात. ती घटना महाराष्ट्रातील अनेक घरांपर्यंत पोहोचली ती त्यामुळे.

या वादाच्या मुळाशी असलेला एक अहवाल मात्र उपेक्षितच राहिला. दिल्लीच्या पर्जन्यजल निचऱ्याचा बृहत् आराखडा १९७६चा. १९७१च्या जनगणनेत चाळीस लाखांच्या आसपास असलेले हे शहर २०११मध्ये पावणेदोन कोटींच्या घरात पोहोचले, तरी आराखडा तोच. आयआयटी दिल्लीतील जलविज्ञानाचे अभ्यासक प्रा. ए. के. गोसाईं यांच्या पथकाने नव्या आराखड्याचा अहवाल २०१८मध्ये सादर केला. शहराचा उतार, नाल्यांची वहनक्षमता आणि पावसाची तीव्रता यांचे संगणकीय प्रारूप त्यात होते. शिफारशी साध्या होत्या : पावसाच्या नाल्यांत मैला सोडू नये, नाल्यांच्या पात्रात बांधकाम करू नये, तलाव पुनरुज्जीवित करावेत. २०२१मध्ये दिल्ली सरकारच्या तांत्रिक समितीने आकडेवारीतील त्रुटी दाखवून तो नाकारला. ही आकडेवारी पुरविली होती ती नाले सांभाळणाऱ्या सरकारी यंत्रणांनीच!

एवढ्यात पावसाने आपली रीत बदलली. २८ जून २०२४ रोजी सफदरजंग येथे चोवीस तासांत २२८ मिलिमीटर पाऊस झाला. संपूर्ण जून महिन्याच्या सरासरीच्या हे प्रमाण तिप्पट होते. त्याच वर्षी ऑगस्टच्या आरंभी नव्या संसद भवनाच्या छतातूनही पाणी ठिबकले.

पेच घटनात्मक आहे. राज्यसूचीतील सतराव्या नोंदीनुसार जलनिस्सारण हा दिल्ली सरकारचा विषय. जमीन ही अठरावी नोंद. अनुच्छेद २३९ कक अन्वये ती दिल्ली विधानसभेच्या कक्षेबाहेर, म्हणजे केंद्राच्या हाती. नाला एकाचा, काठ दुसऱ्याचा आणि गाळ महापालिकेचा, अशी ही वाटणी आहे.

फेब्रुवारी २०२५च्या सत्तांतरानंतर आणि एप्रिलमधील महापौर निवडणुकीनंतर केंद्र, राज्य व महापालिका एकाच पक्षाकडे आली. परस्परांवर ढकलण्याची सोय संपली. सप्टेंबर २०२५मध्ये सुमारे सत्तावन्न हजार कोटींचा नवा आराखडा जाहीर झाला. नजफगढ, बारापुला आणि यमुनापार या तीन खोऱ्यांत त्याची विभागणी आहे.

मात्र त्याआधी, जूनच्या आरंभी, उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार बारापुला नाल्याकाठच्या मद्रासी कॅम्पमधील शेकडो झोपड्या हटविल्या गेल्या होत्या. पुनर्वसनास पात्र ठरलेल्या कुटुंबांच्या वाट्याला दूरचे नरेला आले. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी बसगाड्यांच्या सोयीसाठी कुशक नाल्याचा काही भाग झाकला गेला, तो सरकारी निर्णयाने. झोपडी हटविण्यास न्यायालयाचा आदेश पुरतो; सरकारनेच झाकलेला नाला उघडण्यासाठी लागणारी फाईल कोणत्या मंत्रालयातून निघणार, याचे उत्तर नगरविकास खात्याला संसदेतच द्यावे लागेल.