जिवंत लस आणि जागती दक्षता

काट्याने काटा काढावा, ही म्हण सोपी आहे. पण जिवंत रोगजंतूंकडूनच रोगाचा बंदोबस्त करवून घेणे हे तपश्चर्येचे काम आहे. फ्रान्समधील लील येथील पाश्चर संस्थेत काल्मेत व गेरँ या शास्त्रज्ञांनी १९०८ साली गुरांच्या क्षयाचे जंतू ग्लिसरीन, पित्त व बटाटा यांवर वाढविण्यास आरंभ केला. १३ वर्षांत २३० वेळा नव्याने रुजविल्यावर त्या जंतूंचे विष उतरले आणि १९२१ साली पॅरिसमध्ये एका अर्भकास पहिली बी. सी. जी. लस देण्यात आली.

मेलेल्या जंतूंवर हे काम भागले नसते काय? क्षयाचा जंतू शरीराच्या रक्षक पेशींतच दडी मारून बसतो. तेथे त्याला गाठण्यास रक्तातील प्रतिद्रव्ये पुरी पडत नाहीत. पेशींनाच शत्रूची ओळख पटवावी लागते. त्यासाठी दुबळा का होईना, जिवंत जंतू काही काळ अंगात नांदावा लागतो. लसीचे सामर्थ्य यात आहे आणि तिचा धोकाही यातच आहे. १९३० साली जर्मनीतील ल्यूबेक येथे प्रयोगशाळेतील हलगर्जीपणामुळे या लसीत जहाल जंतू मिसळले गेले आणि सुमारे अडीचशे अर्भकांपैकी सत्तरांहून अधिक दगावली. दोष लसीचा नव्हता. परंतु ज्या मातेच्या मांडीवरील मूल गेले, तिला हा भेद सांगून काय उपयोग?

दुसरा धडा आपल्याच देशातला आहे. मद्रासजवळील चिंगलपट जिल्ह्यात १९६८ पासून लाखो लोकांवर या लसीची चाचणी झाली. लहान मुलांना क्षयाच्या मेंदूज्वरापासून वाचविणारी ही लस प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयाला मात्र तेथे रोखू शकली नाही. हा निष्कर्ष कटू होता. तरी तो जगापुढे मांडला गेला, हे भूषणावह आहे.

२०२३ साली जगात क्षयाने सुमारे साडेबारा लाख माणसे मेली. नव्या रुग्णांपैकी चतुर्थांशाहून अधिक भारतातील होते. म्हणूनच स्पेनमध्ये मानवी क्षयजंतूंचे दोन जनुक काढून घडविलेल्या नव्या जिवंत लसीकडे, तसेच बर्लिनमध्ये जन्मलेल्या व पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने पुढे नेलेल्या सुधारित बी. सी. जी.कडे आम्ही आशेने पाहतो. मात्र आशा म्हणजे आंधळा विश्वास नव्हे. चाचणीचे निष्कर्ष अनुकूल असोत वा प्रतिकूल, ते पूर्णपणे प्रसिद्ध झाले पाहिजेत. प्रयोगशाळांची तपासणी कठोर असली पाहिजे. आणि लस टोचून घेणाऱ्या गरिबास तिचे गुणदोष त्याच्या भाषेत समजावून दिले पाहिजेत. क्षय हा परक्या वस्तीतला रोग आहे, अशी सुशिक्षितांनी समजूत करून घेऊ नये. हवेला वस्त्यांच्या सीमा ठाऊक नसतात. शास्त्रज्ञांनी जंतूंना वठणीवर आणावे; शास्त्राला सचोटीच्या वाटेवर ठेवण्याची जबाबदारी मात्र जागृत समाजाची आहे.