डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली? अपील करा!

शहापूर-मुरबाडच्या माजी सैनिक बंधूंनो, आणि त्यांच्या घरच्या मायबहिणींनो,

'आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही.' रेकॉर्ड ऑफिसच्या पत्रातले एवढे एक वाक्य वाचून आपले किती जवान गप्प बसले! पत्र ट्रंकेत गेले आणि हक्कही त्याच्याबरोबर गेला.

भरतीच्या दिवशी याच लष्कराच्या डॉक्टरांनी तुम्हाला डोळ्यांपासून तळपायांपर्यंत तपासले होते. पाय सपाट निघाला तरी पोराला घरी पाठवतात. तेव्हा कागदावर नसलेला आजार सुटताना कागदावर आला, तर मधली वर्षे तो जवान कोणाच्या चाकरीत होता?

शिपाई धरमवीर सिंग १९८५ला भरती झाले, १९९४ला फिट येतात म्हणून बोर्ड आउट झाले. अपंगत्व २० टक्के, डिसॅबिलिटी पेन्शन नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला : भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेमुळेच झाला असे धरायचे. तसे नसेल, तर ते सरकारने सिद्ध करायचे. मेडिकल बोर्डाने कारणे लिहायची. शंकेचा फायदा जवानाला.

म्हणजे पुरावा तुम्ही द्यायचा नाही. हे घरोघर सांगा.

तरीही सरकार भांडतेच आहे. सियाचीनला राहिलेल्या बिजेंदर सिंग यांना १९८९ साली घरी पाठवले. त्यांना न्याय मिळायला एप्रिल २०२५ उजाडला. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, २०१५ साली, त्यांनीच नेमलेल्या तज्ज्ञ समितीने अपंग जवानांविरुद्धची अशी अपिले मागे घ्या असे सांगितले होते. त्यानंतर दहा वर्षांनी, जुलै २०२५मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाला केंद्राच्या सुमारे ३०० याचिका एकदम फेटाळाव्या लागल्या. जवानाच्या तोंडचा घास अडवायला जनतेच्याच पैशातून वकील उभे करायचे, याची आम्हाला चीड येते.

नकाराचे पत्र आल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील करा. तेही फेटाळले, तर पुढच्या सहा महिन्यांत दुसरे. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचे खंडपीठ मुंबईतच आहे, आसनगावहून लोकलने जाता येते. मुदत उलटली म्हणून हातपाय गाळू नका. पेन्शनचा हक्क दर महिन्याला नव्याने डावलला जातो, म्हणून उशिराचे दावेही ऐकले जातात. फक्त थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणून आणखी उशीर नको. आणि २० टक्के अपंगत्व 'किरकोळ' समजू नका : दावा मान्य झाला की ते ५० टक्के धरून पेन्शन बसू शकते. २१ सप्टेंबर २०२३ नंतर सुटलेल्यांना नवे नियम आहेत. त्यांनी अर्जाआधी जाणकाराला विचारावे.

डिस्चार्ज बुक, मेडिकल बोर्डाची प्रत आणि नकाराचे पत्र एकत्र ठेवा. बोर्डाची प्रत नसेल, तर माहितीच्या अधिकारात मागा. जवान हयात नसेल, तर त्याच्या पत्नीनेही कागद तपासून घ्यावेत.

आमची मागणी : ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने भातसानगरला येऊन अपिलांचे शिबिर घ्यावे. डोळखांब-टोकावड्याच्या आजारी माणसाने दर कागदासाठी ठाणे गाठायचे, हे चालणार नाही. आणि संरक्षण मंत्रालयाने जवानांविरुद्धची अपिले आजच मागे घ्यावीत.

— भातसानगर परिसरातील माजी सैनिक व कुटुंबीय