भरपाई कुणाच्या नावावर?

मुंबईत मेट्रो ३ या भुयारी रेल्वेचं काम चालू असताना, २०१७ साली, उच्च न्यायालयाने दक्षिण मुंबईत रात्री दहा ते सकाळी सहा कामाला मनाई केली. २०१८ मध्ये ती उठली. वाद झाला तो रात्रीच्या झोपेचा. दिवसाचं काय?

२००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा रात्री ४५ डेसिबल, दिवसा ५५. जणू दिवसा घरं रिकामीच असतात! मी विचारते, दिवसा घरात कोण असतं? बाळंतीण, अंथरुणाला खिळलेली सासू, रात्रपाळी करून आलेली नर्स, घरी शिवणकाम करणारी बाई. खडक फोडण्याचा आवाज त्याच सोसतात, खिडक्या लावून उकाड्यात स्वयंपाक करतात.

अशा आवाजाची भरपाई मिळायलाच हवी. पण ती घरमालकाच्या नावे निघाली, तर भाडेकरू बाईच्या हाती काय? म्हणून माझं म्हणणं असं: आवाज घरात जाऊन, दिवसाही मोजा. भरपाई राहणाऱ्या कुटुंबाला, नवरा-बायको दोघांच्या नावे द्या. बुडालेली शिवणाची मजुरीही हिशेबात धरा. बाईचं घर हीच तिची कामाची जागा आहे, हे आधी मान्य करा.