गाडीला जोर हवाय?

कॉलेजला जाणाऱ्या मुलाच्या हाती बाइक आली की अम्मीकडे हट्ट सुरू होतो: मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, उघडा एअर फिल्टर, ईसीयूचं ट्यूनिंग. पालकांनी नुसतं ‘नाही’ म्हणू नये, कारणही सांगावं.

इंजिनात येणारी हवा, पेट्रोल आणि धुराची वाट कंपनीने एकमेकांशी जुळवलेली असते. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर धूर तपासून पेट्रोलचं प्रमाण राखायला मदत करतो. नुसता सायलेन्सर बदलल्याने आवाज वाढतो, ताकद फारशी नाही. त्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला की विषारी कार्बन मोनॉक्साइड तसाच गल्लीत पसरतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ प्रमाणे अशा प्रत्येक बेकायदा बदलाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि ही शिक्षा मालकाला. आरसी अब्बांच्या नावावर असेल तर अब्बांना!

मग जोर कुठून आणायचा? धुळीने भरलेला एअर फिल्टर, झिजलेला प्लग, कोरडी सैल चेन, टायरमध्ये कमी हवा. गाडीची हरवलेली ताकद बहुधा इथेच सापडते. गाडीसोबतच्या पुस्तिकेतली मापं पाहून मुलाने आधी हे करावं. उरलेल्या पैशांत ब्रेक शू आणि चांगलं हेल्मेट घ्यावं.